वेगवान दारू, संथ दारू: क्रमवारीचा तक्ता वाचायचा कसा?



गेल्या वर्षी माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण चार शब्दांच्या प्रश्नापुढे आडवं झालं. तुमच्यापैकी जे पीएच.डी.च्या तयारीत आहेत, संशोधनाचा आराखडा लिहायला बसले आहेत, त्यांना तोच प्रश्न कधीतरी कुणीतरी विचारणार आहे. मौखिकीत विचारला जाण्याआधी आपण घरीच स्वतःला विचारलेला बरा. म्हणून हा लेख.

माझा विषय मोजमापाचा इतिहास. त्यातही बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचा 'ज्वलनवेग' लोकांनी कसा मोजला, हा. (विषय ऐकून आईने आधी देवाला हात जोडले होते, पण ते राहू दे.) आपल्याकडे काडतूस बनवायला कायद्याने परवाना लागतो, त्यामुळे तुम्ही हे पाहिलं नसेल. पण अमेरिकेत झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी जपून ठेवायची आणि ती घरी पुन्हा भरायची, हा मोठा छंद आहे. या लोकांसाठी हातपुस्तिका निघतात. त्यांत हमखास एक तक्ता असतो: सगळ्यात वेगाने जळणारी दारू सगळ्यात वर, सगळ्यात संथ सगळ्यात खाली. हल्लीच्या तक्त्यांत शंभरावर नावं असतात.

मी काय केलं? वेगवेगळ्या काळातल्या हातपुस्तिकांमधले असे तक्ते गोळा केले. वरून खाली १, २, ३ असे क्रमांक टाकले. एकच दारू तीन तक्त्यांत असेल तर तिच्या क्रमांकांची सरासरी काढली. त्या सरासरीचा काळाशी आलेख काढला आणि त्यातून एक सुबक रेघ ओढली. मग प्रकरण लिहिलं: 'दारू कशी संथ होत गेली'. सहा महिन्यांचं काम.

माझ्या गाईड मॅडमनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अगं, छान दिसतोय. पण या आकड्याचं एकक काय?"

मी म्हटलं, "एकक असं नाही मॅडम, तो क्रमांक आहे."

"मग सरासरी कशाची काढलीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना मला हा सगळा इतिहास नव्याने वाचावा लागला. तो थोडक्यात तुमच्यासमोर ठेवते.

आधी 'वेग' म्हणजे काय ते पाहू

बंदुकीतली दारू जळते आणि जळून तिचा वायू होतो. तो वायू बंद जागेत कोंडलेला असल्यामुळे दाब वाढतो आणि दाब गोळीला ढकलतो. हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं. पण त्या काही मिलिसेकंदांतही घाई आणि संथपणा असतोच. गोळी जेमतेम हलली तोवर सगळी दारू जळून गेली, तर वायूला पसरायला जागाच मिळत नाही. दाब भडकतो आणि नळी फुटू शकते. उलट दारू फार रेंगाळली, तर गोळी नळीबाहेर पडते तरी दारू जळतेच आहे, म्हणजे ताकद फुकट. म्हणून हलकी गोळी आणि आखूड नळी असेल तर चटकन जळणारी दारू लागते. जड गोळी आणि लांब नळी असेल तर सावकाश जळणारी.

इथवर सोपं वाटतं. प्रत्येक दारूला आपापला एक वेग असणार, तो मोजायचा आणि यादी करायची. मीही असंच समजले होते.

आता दिवाळी आठवा. सुतळी बॉम्बची गुंडाळी सैल असेल तर तो 'फुस्स' करून विझतो. आपण त्याला फुसका बार म्हणतो. आतली दारू तीच, वजन तेच. बदललं काय? कोंडणं. म्हणजे वेग नुसता दारूत नव्हता, दारू कशात कोंडली आहे यातही होता. ही गोष्ट लहान पोरालाही दिसते, पण शास्त्रात ती नीट मांडायला दीडशे वर्षं लागली.

रॉबिन्सने धरून चाललेली गोष्ट

इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सचा तोफखान्याच्या नव्या तत्त्वांवरचा ग्रंथ १७४२ मध्ये आला. गोळीचा वेग मोजायला त्याने टांगता लोलक वापरला. गोळी लोलकात रुतते, लोलक झुलतो, किती झुलला त्यावरून वेगाचा हिशेब निघतो. त्याआधी दारूची परीक्षा म्हणजे छोट्या उखळी तोफेतून गोळा किती दूर जातो ते पाहणं. तिथून एकदम गोळीच्या वेगापर्यंत येणं ही मोठी झेप होती.

पण हिशेब जमवायला रॉबिन्सने एक गोष्ट गृहीत धरली: गोळी जाणवण्याइतकी हलायच्या आत सगळी दारू जळून वायू झालेली असते. म्हणजे ज्वलनाला वेळ लागतच नाही! त्याच्या जगात 'ज्वलनवेग' हा प्रश्नच उद्भवत नव्हता. कोंडलेल्या वायूचा दाब त्याने वातावरणाच्या सुमारे हजारपट काढला. (याच रॉबिन्सला पुढे ईस्ट इंडिया कंपनीने तटबंदीच्या कामासाठी हिंदुस्थानात आणलं आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो वारला.)

रॉबिन्सला हसू नका. बारीक दाण्याची काळी दारू आणि हलकी गोळी असेल तर त्याचं गृहीतक फार वाईट नव्हतं. पण तोफा मोठ्या झाल्या, गोळे जड झाले, तसं ते तुटायला लागलं. संशोधनात हे नेहमी होतं. गृहीतक सरसकट चूक नसतं. ते एका परिस्थितीत चालतं, पुढच्या परिस्थितीत चालत नाही आणि आपण ते मुकाट्याने पुढे नेतो.

खडीसाखर आणि पिठीसाखर

१८३९ मध्ये फ्रेंच तोफखान्यातल्या गियोम प्योबेरने एक साधा नियम मांडला: दारूचा दाणा थराथराने जळतो. बाहेरून आत, सगळ्या बाजूंनी सारख्या गतीने. चहात खडीसाखर टाकली की ती सावकाश विरघळते, पिठीसाखर लगेच. साखर तीच, चहा तोच. फरक पृष्ठभागाचा. दारूचंही तसंच.

हा नियम मान्य केला की वेगाचे दोन तुकडे होतात. एक, ज्वलनाची कड आत सरकते किती गतीने. दोन, एका वेळी पृष्ठभाग उघडा किती. पहिला पदार्थाचा गुण, दुसरा भूमितीचा. एकूण वायू किती झपाट्याने तयार होतो हे दोन्हींच्या गुणाकारावर ठरतं.

अमेरिकन सैन्यातल्या थॉमस रॉडमनने या भूमितीचा उपयोग केला. १८५० च्या दशकाअखेरीस त्याने तोफेतला दाब मोजायला तांब्यात पातं रुतवणारं एक मापक बसवलं आणि मोठ्या तोफांसाठी दारूच्या जाड वड्या करून त्यांना आरपार भोकं पाडली. का? घन दाणा जळत जातो तसा आक्रसतो, त्याचा पृष्ठभाग कमी होतो, वायूचा ओघ आटतो. म्हणजे सुरुवातीला जोर फार आणि पुढे कमी. भोकांचं उलट असतं. भोक आतून जळत जातं तसं मोठं होतं आणि त्याचा पृष्ठभाग वाढतो.

कागद-पेन घेऊन करून पाहा. लांब गोल दोरी घ्या. ती जळत जळत व्यास निम्मा झाला, तर पृष्ठभागही साधारण निम्मा होतो. पण वस्तुमान? ते व्यासाच्या वर्गाने जातं, म्हणून फक्त एक चतुर्थांश उरतं. तीन चतुर्थांश दारू जळून गेलेली असते. आता त्याच दोरीच्या मधोमध एक आरपार भोक पाडा, म्हणजे नळी झाली. बाहेरचा घेर जितका घटतो तितकाच आतला वाढतो. बेरीज कायम. सात भोकं पाडली तर बेरीज बराच वेळ वाढतच जाते. पदार्थ तिन्ही वेळा एकच, तरी तीन वेगळी वागणूक.

आता तुम्हीच सांगा, या तिघांचा 'ज्वलनवेग' एक म्हणायचा की तीन?

व्हिएयचं बंद भांडं

काळ्या दारूचा मोठा दोष तिच्या धुरात होता. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबेल यांनी १८७० च्या दशकात जाड पोलादी भांड्यात दारू कोंडून जाळली आणि काय उरतं ते तोललं. वजनाने जवळपास ५७ टक्के घन पदार्थ, वायू फक्त ४३ टक्के. अर्ध्याहून जास्त दारू ढकलायच्या कामी येतच नव्हती, तिचा धूर आणि काजळी होत होती. भांडं ठासून भरलं तर दाब वातावरणाच्या सुमारे ६,४०० पट जात होता. रॉबिन्सच्या हजाराशी तुलना करून पाहा.

दाब मोजायला नोबलने तांब्याचा छोटा दंडगोल वापरला. दाबाने तो किती चेपला ते मोजायचं. हे साधन शंभर वर्षं टिकलं. पण तांब्याला चेपायला वेळ लागतो, त्यामुळे क्षणिक शिखर त्याला पूर्ण पकडता येत नाही. पुढे स्फटिकाचे विद्युत मापक आले, तेव्हा तांब्याचे जुने आकडे आणि नवे आकडे जुळेनात. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायला सरसकट चालेल असं सूत्रही नाही. दोन्हींखाली 'दाब' असंच लिहिलेलं असतं, हे लक्षात ठेवा.

बिनधुराची वाट खुली झाली ती नायट्रोसेल्युलोजमुळे, म्हणजे नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेतून गेलेल्या कापसामुळे. बाझेलच्या शोनबाइनने तो १८४६ मध्ये जगासमोर आणला. धूर जवळजवळ नाही, ताकद भरपूर. पण कापूस सच्छिद्र असतो. ज्वाळा तंतूंमधल्या फटींतून आत शिरते आणि थराथराने जळायचं सोडून सगळं एकदमच पेटतं. प्योबेरचा नियम तिथे लागूच होत नव्हता. बंदुका फुटल्या. १८४७ मध्ये इंग्लंडमधल्या फेव्हरशॅमचा कारखानाच उडाला. पुढची कित्येक वर्षं लोक या कापसाला घाबरून होते.

पॅरिसच्या सरकारी दारू प्रयोगशाळेतला पॉल व्हिएय इथे वेगळा ठरतो. तो नव्या पदार्थाच्या मागे लागण्याआधी जुन्या प्रश्नाच्या मागे लागला: जळायला वेळ किती लागतो? बंद भांड्यात दाब शेवटी किती होतो एवढंच न पाहता तो कसकसा चढतो, हे त्याने फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटवून टिपलं. त्यावरून त्याला दिसलं की कापसाची सच्छिद्रता मारली, त्याचा शिंगासारखा घट्ट पदार्थ केला, तर तो थराथराने जळतो आणि जाडी बदलून जळायचा वेळ हवा तसा ठरवता येतो. १८८४ मध्ये त्याची 'पूद्र बी' तयार झाली. १८८६ मध्ये फ्रान्सने तिच्यासाठी लेबेल रायफल स्वीकारली. त्यानंतर युरोपातल्या प्रत्येक सैन्याची बंदूक जुनी झाली.

पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. १८९३ च्या निबंधात व्हिएयने दाबाचा नियम मांडला. ज्वलनाची कड आत सरकण्याची गती दाबाबरोबर वाढते: एक स्थिरांक गुणिले दाबाचा अमुक घात. आज त्याला व्हिएयचा नियम म्हणतात.

याचा अर्थ नीट पाहा. दारू जळते, दाब वाढतो. दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते, दाब आणखी वाढतो. गोळी पुढे सरकून जागा मोकळी करते तेव्हा कुठे ही शर्यत आवरते. बिनधुराची दारू उघड्यावर पेटवली तर कागदाच्या पट्टीसारखी निवांत जळते. तीच बंदुकीत शेकडो पटीने धावते. मग तिचा 'खरा' वेग कुठला?

क्रम उलटतो तो असा

माझं प्रकरण कशाने आडवं झालं, ते एका काल्पनिक उदाहरणाने दाखवते. आकडे मी बनवलेले आहेत, फक्त गणितासाठी.

'अ' दारूचा स्थिरांक १.२ आणि घातांक ०.५. 'ब' दारूचा स्थिरांक १.० आणि घातांक ०.९.

दाब १ एकक: अ चा वेग १.२०, ब चा १.००. अ वेगवान.
दाब २ एकक: अ चा वेग सुमारे १.७०, ब चा १.८७. ब वेगवान.
दाब ४ एकक: अ चा वेग २.४०, ब चा सुमारे ३.४८. आता ब कितीतरी पुढे.

तक्त्यात अ वर लिहायची की ब? उत्तर 'कुठल्या दाबाला' यावर अवलंबून आहे. आणि तक्त्यावर दाब लिहिलेलाच नसतो! दारूचा वेग कुणाशी, कुठे, किती दाबाखाली हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

त्यात तापमान मिसळा. गरम दारू अधिक वेगाने जळते. इंग्रज बंदूकवाले हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत शिकारीला जाणाऱ्यांसाठी दारू थोडी कमी घातलेली 'ट्रॉपिकल' काडतुसं वेगळी विकत, ते याचसाठी. इंग्लंडच्या गारठ्यात बरोबर बसलेला हिशेब आपल्याकडच्या मे महिन्यात धोक्याचा ठरू शकत होता.

एक आकडा, दोन दारू

आकड्यांचा इतिहास खोदायला लागलात की कळतं, आकडा काय सांगतो ते आकड्याकडे पाहून कळत नाही. एबेल आणि ड्यूअर यांचा कॉर्डाइट १८८९ चा. नाव दोरीवरून पडलं, कारण तो शेवयांसारखा दोरीच्या रूपात काढत. ब्रिटिश .३०३ रायफलीत जाई तो '३¾ क्रमांकाचा' कॉर्डाइट. हा वेग नव्हे, क्रमवारीही नव्हे. ज्या साच्याच्या भोकातून दोरी निघाली त्या भोकाचा व्यास आहे, इंचाच्या शंभराव्या भागांत. म्हणजे ०.०३७५ इंच. मोठ्या तोफांना त्याच मिश्रणाच्या कितीतरी जाड दोऱ्या लागत. इथे निदान आकड्याला एकक होतं.

आता अमेरिकेत या. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन नावाच्या माणसाने सैन्याकडची उरलेली दारू विकत घेऊन छंदी लोकांना विकायला सुरुवात केली. त्यात २० मिलिमीटर तोफेच्या काडतुसांसाठीची एक संथ दारू होती. ती एच-४८३१ म्हणून नावारूपाला आली. जुना साठा संपत आला. १९७० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने त्याच क्रमांकाची दारू स्वतःच्या नावाने बाजारात आणली: आयएमआर-४८३१. आकडा तोच. पण ही दारू चांगलीच वेगवान होती. एच-४८३१ साठी छापलेलं वजन आयएमआर-४८३१ चं घातलं तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. म्हणूनच या दोघींची अदलाबदल करू नका, असा इशारा पुन्हापुन्हा द्यावा लागला.

इथे चूक आकड्याची नव्हती. ४८३१ हा फक्त ओळखक्रमांक होता, परीक्षेच्या बैठक क्रमांकासारखा. लोकांनी तो गुणधर्म म्हणून वाचला. माझंही तेच झालं, फक्त माझ्या हातात बंदूक नव्हती.

शिखर तेच, आलेख वेगळा

शेवटचं उदाहरण जिवावरचं आहे.

अमेरिकेची एआर-१५ रायफल, पुढे एम-१६, विकसित झाली ती आयएमआर-४४७५ दारूवर. सैन्याची अट होती की गोळी नळीच्या तोंडाशी सेकंदाला ३,२५० फूट वेगाने निघावी आणि त्याच वेळी नळीतला दाब ठरलेल्या मर्यादेत राहावा. ही दारू दोन्ही अटी एकत्र भरवशाने पाळेना. म्हणून १९६४ मध्ये डब्ल्यूसी-८४६ या गोलसर दाण्यांच्या दारूला मान्यता मिळाली. तिने वेगही गाठला, दाबही मर्यादेत ठेवला. कागदावर दोन्ही खुणा बरोबर.

पण या रायफलीची यंत्रणा नळीतल्या एका भोकातून निघणाऱ्या वायूवर चालते आणि ते भोक असतं पुढे, दारू भरलेल्या जागेपासून बरंच दूर. नव्या दारूचा दाब शिखरावर मर्यादेतच होता, पण तो सावकाश उतरत असे. त्यामुळे त्या भोकापाशी वायूचा जोर जास्त येई. रायफल ठरल्यापेक्षा जलद चालायला लागली आणि आत मळही जास्त साचू लागला. त्यात नळीच्या मागच्या कोठडीला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सैनिकांना साफसफाईचं सामान पुरेसं दिलेलं नव्हतं. व्हिएतनाममध्ये ऐन लढाईत रायफली अडकल्या. अडकलेल्या रायफलींसह सैनिक मारले गेल्याच्या तक्रारी अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेल्या आणि १९६७ मध्ये इकॉर्ड उपसमितीने या प्रकरणावर सैन्याला धारेवर धरलं.

एकटी दारू दोषी होती असं मी म्हणत नाही. कारणं अनेक होती. पण मोजमापाच्या अंगाने पाहा: दोन आकडे तपासले, दोन्ही उत्तीर्ण. न तपासलेली गोष्ट होती मधली सगळी वक्ररेषा. व्हिएयने ऐंशी वर्षं आधी फिरत्या नळकांड्यावर जी रेघ टिपली, तीच. शेवटच्या आकड्यापेक्षा तिथवर पोचायची वाट महत्त्वाची, हे त्याला माहीत होतं.

मग तक्ता टाकून द्यायचा का?

नाही. कारखान्यात आणि प्रयोगशाळेत याहून काटेकोर तुलना होते. बंद भांड्यात ठरावीक तापमानाला, ठरावीक वजनाची दारू जाळतात आणि दाब किती झपाट्याने चढला याची तुलना जपून ठेवलेल्या संदर्भ दारूशी करतात. संदर्भाला १०० धरलं तर नवी किती? हा आकडा अर्थपूर्ण आहे, कारण परिस्थिती आणि संदर्भ दोन्ही नोंदलेले आहेत. अशा पदार्थांवर संशोधन आपल्या पुण्यातही होतं, पाषाणच्या हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीत.

हातपुस्तिकेतला तक्ता या मापनांची साय काढून बनतो. कुणी बंद भांड्यावरून क्रम लावतं, कुणी प्रत्यक्ष काडतुसातल्या अनुभवावरून. म्हणून दोन कंपन्यांच्या तक्त्यांत तीच दारू चार घरं वरखाली होते. तक्ता एवढंच सांगतो की ही दारू साधारण कुणाच्या शेजारची आहे. पिस्तुलाच्या रांगेतली की लांब रायफलीच्या? शेजारच्या दोघींत अंतर किती, हे तो सांगतच नाही. ५ आणि ६ मध्ये केसाएवढं अंतर असेल आणि ६ आणि ७ मध्ये दरी. म्हणूनच तक्ता छापणारेच बजावतात की यावरून दारूचं वजन ठरवू नका.

भूगोलात शिकलेला मोहचा काठिण्यक्रम आठवा. शंखजिरे १, हिरा १०. कोरंडम ९. म्हणून हिरा कोरंडमपेक्षा 'एकाने' कठीण? उपकरणाने मोजलं तर ती उडी आधीच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा मोठी निघते. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्सने १९४६ मध्ये मोजपट्ट्यांचे चार प्रकार सांगितले: नुसतं नाव देणारी, क्रम लावणारी, समान अंतराची आणि खऱ्या शून्याची. ४८३१ पहिल्या प्रकारातला. तक्त्यातला क्रमांक दुसऱ्या. मी त्याच्यावर तिसऱ्या-चौथ्या प्रकाराचं गणित केलं. सरासरी काढता येते म्हणून काढली. कॅल्क्युलेटर कधीच नाही म्हणत नाही.

आता तुमच्याकडे वळू

तुमचा विषय दारूगोळ्याशी कणभरही जुळत नसेल. असेल ग्रामीण शाळांची गुणवत्ता, मातीची सुपीकता, नाहीतर नाटकांची लोकप्रियता. तरी कुठेतरी एक तक्ता तुमच्या प्रबंधात येणारच. तो आला की तीन गोष्टी विचारा.

पहिली, आकडा कुठल्या जातीचा? नाव, क्रम, अंतर की प्रमाण? 'अगदी सहमत ते अगदी असहमत' अशी प्रश्नावली ज्यांनी केली आहे, त्यांनी इथे जरा थांबावं.

दुसरी, कुठल्या परिस्थितीत मोजला? दाब बदलला तर क्रम उलटेल का? तुमच्या विषयात 'दाब' कोण आहे, ते तुम्हालाच शोधायचं आहे.

तिसरी, कुणी आणि कशासाठी मोजला? सैन्याला दोन अटी पुऱ्या करायच्या होत्या. कंपनीला आपली दारू लोकांना ओळखीची करायची होती. आकड्यामागे नेहमी एक काम असतं आणि तुम्ही तो भलत्याच कामाला लावू शकता.

माझ्या प्रकरणाचं काय झालं? सरासऱ्या गेल्या, आलेख गेला, ती सुबक रेघही गेली. दोन दिवस मी लॅपटॉप उघडलाच नाही. पण तक्ते राहिले. मग लक्षात आलं, ते एकमेकांशी जुळत नाहीत हीच तर खरी सामग्री आहे. एका पुस्तिकेत एखादी दारू वर का आणि दुसरीत खाली का? त्या फरकामागे कुठली चाचणी, कुठली बंदूक, कुठला ग्राहक? नवं प्रकरण यावर आहे. शीर्षक अजून ठरलेलं नाही.

एक घरचा अभ्यास देते. तुमच्या आराखड्यातला कुठलाही एक तक्ता घ्या. प्रत्येक रकान्याखाली पेन्सिलने तीन गोष्टी लिहा: एकक, परिस्थिती, मोजणारा. जिथे पेन्सिल अडेल तिथे थांबा. तुमचं खरं काम बहुतेक तिथूनच सुरू होतंय.

मॅडम परवा नवा मसुदा वाचत होत्या. एका पानावर त्यांनी पुन्हा चष्मा काढला. माझ्या पोटात गोळा आला. पण त्या एवढंच म्हणाल्या, "हां, आता एककाची तळटीप आहे."